क्रेनने उतरवलेल्या मशीनची हमाली

'ताई, नमस्कार. चाकणजवळ भाड्याच्या गाळ्यात माझं वर्कशॉप आहे. बारा कामगार, शिवाय माल चढवायला-उतरवायला रोजावरची चार पोरं. गेल्या महिन्यात सेकंडहँड व्हीएमसी (धातू कापणारं संगणकी) मशीन आलं, वजन सहा टन. उतरवायला हायड्रा क्रेन मी मागवली, भाडं मी दिलं. मशीन जमिनीला टेकतंय तोच सहा-सात जण आले. "या पट्ट्यात आमची माथाडी टोळी चालते, आठ हजार हमाली काढा." एकानेही मशीनला हात लावला नव्हता. हायड्रा गेटातच अडवून धरली. तिचं तासाचं भाडं चढत होतं, म्हणून पाच हजार देऊन मोकळा झालो. आता म्हणतात, दर वेळी कटकट नको, आमची दोन माणसं तुमच्या हजेरीपटावर लावा, येतील न येतील, पगार काढत जा. पुढच्या महिन्यात दुसरं मशीन येतंय. माझे वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी होते. ते म्हणतात, "देऊन टाक, कष्टकऱ्याशी वैर नको." मी म्हणतो, हा माथाडी कायदाच मोडीत काढला पाहिजे. त्यावरून आम्हा बापलेकांचं बोलणं बंद आहे. काय करू?'
– एक लघुउद्योजक, चाकण परिसर

दादा,

ती दोन नावं हजेरीपटावर लावू नका. बाकीचं सावकाश बोलू, पण हे आधी सांगते, कारण पाच हजार गेले ते एकदाच गेले. हजेरीपटावर चढलेलं नाव उतरवणं फार महागात पडतं.

नाव लागलं, पगार निघाला, की कागदोपत्री तो तुमचा कामगार झाला. त्याचे 240 दिवस भरले की काढताना नोटीस आली, नुकसानभरपाई आली. तो गाळ्यात पाऊल टाकत नाही हे तुम्हाला माहीत, पण कामगार न्यायालयात तुमच्याच सहीचा हजेरीपट त्याच्या बाजूने उभा राहणार. उद्या तो कुठे मोटारसायकलवरून पडला आणि 'मालकाच्या कामाला निघालो होतो' म्हणाला, तर तुम्ही काय दाखवणार? शिवाय न आलेल्या माणसाची हजेरी भरली म्हणजे खोटं रजिस्टर तयार केलं, आणि ते तुम्ही केलं. आज त्यांना तुम्हाला अडवायला हायड्रापुढे उभं राहावं लागतं. नावं लावलीत की तेवढेही कष्ट नकोत, तुमच्या रजिस्टरची झेरॉक्स खिशात असली की पुरे.

आता त्या पाच हजारांचं. हिशेबात कुठल्या खात्यावर टाकलेत? हमाली म्हणून टाकले असतील तर अकाउंटंटला सांगून नीट करून घ्या, कारण ती हमाली नव्हती. वाट अडवून, नुकसानीची भीती घालून पैसे काढले, याला भारतीय न्याय संहितेत खंडणी म्हणतात, कलम 308. वाट अडवण्याचं कलम 126 आणि धमकीचं 351. एरवी मी पत्रातून कलमांचे आकडे सांगत नाही, पण इथे सांगते, कारण ठाण्यात गेलात की समोरचा 'हमालीच्या दरावरून वाद' असं लिहून घेतो आणि एनसीची (अदखलपात्र नोंदीची) पावती हातात ठेवतो. दराचा वाद नव्हताच. दर ठरायला आधी काम व्हावं लागतं.

आणि तक्रारीत 'माथाडी कामगारांनी पैसे मागितले' असं मुळीच लिहू नका. 'स्वतःला माथाडी म्हणवणाऱ्या इसमांनी' असं लिहा. एक तर ते खरं आहे, आणि दुसरं म्हणजे खऱ्या माथाडी संघटनांचे लोक बोगस टोळ्यांवर तुमच्याइतकेच भडकलेले असतात. त्यांच्या नावावर कुणीतरी परस्पर खातंय. त्यांना विरोधात ढकलायचं काही कारण नाही.

खरी टोळी कोणती, हे ओळखणं सोपं आहे. गेटवर आलेल्याला शांतपणे तीन गोष्टी विचारायच्या. कुठल्या माथाडी मंडळात नोंदणी आहे? टोळी नंबर आणि ओळखपत्रं दाखवा. आणि पैसे मी तुमच्या हातात न देता मंडळात भरले तर चालेल ना? पहिल्या दोन प्रश्नांची खोटी उत्तरं पाठ करून येणारे महाभाग असतात, ओळखपत्रंही छापून घेतात. तिसऱ्या प्रश्नाला मात्र त्यांचा आवाज चढतो. खऱ्या टोळीचा मुकादम 'हो' म्हणतो, कारण मंडळात भरलेल्या पैशातूनच त्याच्या माणसांचा फंड आणि ग्रॅच्युइटी उभी राहते.

हे मला सांगावं लागतंय याचंच थोडं नवल वाटतं, कारण तुमच्या घरात ही माहिती बसून आहे. वडिलांशी बोलणं बंद केलंत, नाहीतर त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं असतं.

तुमचा कायद्यावर राग आहे, तर तो कशासाठी आला तेही बघा. मुंबईत मशीद बंदर, दाणाबंदर भागात गोण्या वाहणाऱ्या हमालाला मालक म्हणून कुणी नव्हतंच. सकाळी एका पेढीचा माल, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. व्यापारी म्हणायचा हमाल गाडीवाल्याचा, गाडीवाला म्हणायचा व्यापाऱ्याचा. गोणी अंगावर पडून पाय मोडला तर तो पाय कुणाच्याच खात्यात नाही. (हा झगडा अजून संपलेला नाही. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही वाहतूकदारांची घोषणा आणि वाराईवरून, म्हणजे गाडीवाल्याकडून घेतल्या जाणाऱ्या हमालीवरून, होणारी हमरीतुमरी वाशीत आजही ऐकायला मिळते.) अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत या लोकांना एकत्र केलं, पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत उभी राहिली, आणि 1969 साली महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम झाला. त्यातली युक्ती साधी आहे. गोदी कामगारांसाठी 1948 चा कायदा होता, त्याच धर्तीवर हमाल आणि मालक यांच्यामध्ये एक मंडळ बसवलं. दोघांनीही तिथे नोंदणी करायची. मालकाने मजुरी आणि तिच्यावर टक्केवारीने लागणारी वर्गणी, म्हणजे लेव्ही, मंडळात भरायची आणि मंडळाने ती कामगाराला द्यायची. लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्टीचा पगार, दवाखाना. मालक दहा असोत की शंभर, कामगाराचं खातं एक.

वडिलांना ग्रॅच्युइटी कुठल्या व्यापाऱ्याने दिली, विचारा बरं. एकानेही नाही. मंडळाने दिली. ज्या पैशावर तुमचं शिक्षण झालं असेल, कदाचित पहिलं लेथ मशीनही घेतलं असेल, तो याच कायद्याचा पैसा आहे. तो कायदा मोडीत काढायची भाषा त्यांच्यासमोर केलीत, तर माणूस दुखावणारच.

पण वडिलांचंही सगळं बरोबर नाही. 'कष्टकऱ्याशी वैर नको' हे वाक्य त्या सहा-सात जणांना लागू होत नाही, कारण त्यांनी कष्टच केले नाहीत. तुमच्या वडिलांनी फळीवरून ट्रकात चढताना पाठीवर घेतलेल्या प्रत्येक गोणीचा हिशेब मुकादमाच्या वहीत होता. नग किती, दर किती, टोळीत वाटणी किती. त्या वहीत न उचललेल्या गोणीला ओळ नसते. त्यांच्याशी बोलताना कायद्याचं राहू द्या, एवढंच विचारा: 'बाबा, तुमच्या टोळीत कुणी न उचलता वाटणी मागितली असती तर तुम्ही काय केलं असतं?' उत्तर बहुधा छापता येणार नाही.

एक फरक मात्र त्यांच्या बाजूने मांडते. काम न करता मिळालेला प्रत्येक पैसा हरामाचा नसतो. गोदीत नोंदणी असलेला कामगार रोज सकाळी हजेरीला यायचा, जहाज नसलं तर परत जायचा, तरी त्याला हजेरीचे पैसे मिळायचे. ते बरोबरच होतं. त्याला तयार ठेवायचं, दुसरीकडे जाऊ द्यायचं नाही, आणि जहाज उशिरा आलं की भूक त्याची, हा कुठला न्याय? वडिलांच्या मनात मजूर म्हणजे हा माणूस आहे. तुमच्या गेटवर आलेला वेगळा आहे.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही जाता जाता लिहिलंत. 'रोजावरची चार पोरं.'

ही पोरं कुणाच्या खात्यावर आहेत, दादा? बारा कामगारांच्या हजेरीपटावर ती नसणार, नाहीतर तुम्ही सोळा लिहिलं असतं. शनिवारी रोख देत असाल, पावती नाही, फंड नाही. एखाद्याच्या पायावर बार पडला तर जवळच्या दवाखान्यात पट्टी आणि हातावर पाचशे रुपये. आकसाने म्हणत नाही, तुमच्या पट्ट्यात शंभरातले बरेच गाळे असेच चालतात. पण 1969 चा कायदा नेमका या पोरांसाठी लिहिलेला आहे. असुरक्षित कामगार म्हणतात ते हेच. गेटवर आलेल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. त्यांची खरी ताकद दंडात नाही, ती तुमच्या या कच्च्या बाजूत आहे. 'पोलिसात जा की, मग आम्हीही मंडळात जातो, तुमची लेव्ही किती वर्षांची थकलीय ते बघू.' हे वाक्य त्यांनी अजून म्हटलं नसेल तर पुढच्या खेपेला म्हणतील. मग तुम्ही पाच हजार देता, आणि ते कशाचे दिले हे तुमचं तुम्हाला मनात कळतं.

म्हणून आधी ही बाजू पक्की करा. कायदा त्याच्या परिशिष्टात दिलेल्या धंद्यांना आणि कामांना लागू आहे. तुमचं काम त्यात बसतं का, हा प्रश्न मंडळाच्या कार्यालयात लेखी विचारा, तोंडी उत्तरावर येऊ नका. वाद पडला तर कलम 5 खाली तो राज्य सरकारकडे जातो, सल्लागार समितीचं मत घेऊन निर्णय होतो. लागू असेल तर दोन रस्ते आहेत. चौघांना मंडळात नोंदवा आणि लेव्ही भरा. तिची टक्केवारी मंडळागणिक वेगळी असते, पण मजुरीचा साधारण तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त धरून चाला. नाहीतर चौघांना रीतसर कायम करा, पगारपत्रकावर घ्या, आणि मंडळात मिळाले असते त्याहून कमी नाहीत असे फायदे द्या. त्या आधारावर कलम 22 खाली सूट मागता येते. ती मागून मिळते, आपोआप लागत नाही, आणि मिळायला वेळ लागतो. चौघे धरून सोळा होतात, तेव्हा ईएसआयचंही (कर्मचारी राज्य विमा) बघून घ्या, दहा किंवा जास्त माणसं असली की ते लागतंच. खर्च वाढेल. तो दोन भुतांच्या पगारापेक्षा जास्त असेल की कमी, हिशेब करून बघा. मला वाटतं फार फरक पडणार नाही, आणि या खर्चाची पावती मिळते.

तुम्ही म्हणाल, एवढं करूनही उद्या खरी, नोंदणी असलेली टोळी आली आणि म्हणाली 'हायड्राने आमचं काम खाल्लं, आम्हाला द्या', तर? हा प्रश्न मोलाचा आहे, आणि त्यावर घाईने हसू नका.

केरळात या गोष्टीने एवढं मूळ धरलं होतं की तिला रूढ नावच आहे, नोक्कुकूली. माल यंत्राने उतरवायचा, नुसतं बघत उभं राहणाऱ्यांनी मजुरी घ्यायची. घरसामान हलवणाऱ्या साध्या माणसापासून कारखान्यापर्यंत सगळे भरडले गेले. सरकारने 2018 च्या 1 मेपासून ती बंद जाहीर केली, मुद्दाम कामगार दिन निवडून. तरी 2021 च्या सप्टेंबरात विक्रम साराभाई अंतराळ केंद्राकडे निघालेली अवजड यंत्रसामग्री तिरुवनंतपुरमजवळ अडवलीच. अवकाशात जाणाऱ्यांनाही सुटका नाही, तर तुमच्या व्हीएमसीची काय कथा.

अमेरिकेत हे जास्त शिस्तीने चालायचं. तिथल्या वृत्तपत्रांना मोठे जाहिरातदार जाहिरातीचा तयार साचा पाठवायचे. तो ओतून पान छापलं जायचं. मग खिळेजुळारी तीच जाहिरात पुन्हा अक्षर अक्षर जुळवायचे, मुद्रितं तपासली जायची, चुका दुरुस्त व्हायच्या, आणि ते सगळं शिसं वितळवायला जायचं. करारच तसा होता. 1947 च्या कायद्याने न केलेल्या कामाचे पैसे उकळायला बंदी घातली, म्हणून मालक न्यायालयात गेले. 1953 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, काम निरुपयोगी असेल, पण झालं तर आहे ना, मग ही बंदी त्याला लागत नाही. किती गरज आहे ते तुम्ही आपसांत ठरवा. मला तो निकाल हास्यास्पद वाटत नाही. जुळाऱ्यांना दिसत होतं की साचा आला म्हणजे आपण गेलो, आणि त्या भीतीला दुसरं कुठलंच दार ठेवलेलं नव्हतं. पण बघा, त्या जुळाऱ्यांनी निदान खिळे तरी जुळवले. तुमच्या गेटवरचे त्यांच्याही पायरीला येत नाहीत.

अमेरिकेतल्या रेल्वेत तेच. वाफेच्या इंजिनावर कोळसा टाकायला फायरमन लागायचा. डिझेल इंजिन आलं, कोळसा गेला, फायरमन तसाच बसून. कित्येक वर्षं भांडण चाललं. शेवटी 1963 साली सरकारला कायदा करून लवाद नेमावा लागला, आणि मालगाड्या व यार्डांतल्या 90 टक्के फायरमनच्या जागा अनावश्यक ठरल्या. तिथेही जुन्या माणसांना बहुतांशी राहू दिलं, नवी भरती थांबवली.

यातून खऱ्या अर्थाने शहाणपणाने बाहेर पडले ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे गोदी कामगार. हॅरी ब्रिजेस हा त्यांचा पुढारी, डावा, मालकांना अजिबात न आवडणारा. त्याने 1960 साली करार केला की यंत्रं आणा, नको असलेली माणसं टोळीत ठेवायचा आग्रह आम्ही सोडतो, पण यंत्रामुळे तुमचे वाचतील त्यातला वाटा द्या. मालकांनी वर्षाला 50 लाख डॉलरचा निधी कबूल केला. त्यातून लवकर निवृत्त होणाऱ्यांना पैसे आणि उरलेल्यांना किमान कमाईची हमी. काही कामगार तेव्हाही नाराज होते, पुढे संपही झाले. पण न केलेल्या कामाची मजुरी मागण्यापेक्षा हा सौदा कितीतरी सरळ होता.

तुमच्या गाळ्याला एवढा मोठा करार नको. खरी टोळी आली तर मुकादमाला आत बोलवा, चहा द्या, आणि क्रेनव्यतिरिक्त जे हाताचं काम उरतं ते मोजा. मशीनचं पॅकिंग सोडवणं, रोलरवर घेऊन जागेवर सरकवणं, दर आठवड्याचा कच्चा माल, तयार मालाची थप्पी आणि चढवणं. त्याचा टनाला किंवा नगाला दर मंडळातून ठरवून घ्या. टोळीतल्या एखाद्या तरुणाला फोर्कलिफ्ट शिकवायची तयारी दाखवा, तो तुम्हालाच लागेल. क्रेनच्या कामाचे पैसे मात्र क्रेनवाल्यालाच. हे सुरुवातीलाच गोड आवाजात सांगितलं की नंतर वरच्या आवाजात सांगावं लागत नाही.

कायद्याबद्दल एवढंच. 2023 साली बोगस टोळ्यांना आळा घालायचं म्हणून दुरुस्ती विधेयक आलं, तेव्हा माथाडी संघटनांनी कडाडून विरोध केला. खोट्याला गाळताना खराही गळेल, ही त्यांची भीती. तुमच्यासारखा माणूस, बाप माथाडी आणि स्वतः मालक, या दोन्ही बाजूंना समजावू शकतो, पण 'मोडीत काढा' म्हणत सुरुवात केलीत तर कुणी ऐकणार नाही. तुमचे वडील तर नाहीच.

आता पुढच्या महिन्याचं. दुसरं मशीन येण्याच्या आधीच्या आठवड्यात दोन पत्रं टाका. एक मंडळाला: अमुक तारखेला अमुक वजनाचं मशीन येतंय, क्रेनने उतरणार आहे, आमच्या आस्थापनेला आपली कोणती टोळी नेमलेली आहे किंवा नाही ते कळवावं. दुसरं पोलीस ठाण्याला, प्रत पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाला: मागच्या वेळी काय घडलं, तारीख, रक्कम, गाडीचा नंबर असला तर तो, सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवल्याचा उल्लेख. नसेल तर गेटकडे तोंड करून एक कॅमेरा लावा, पाच हजारांच्या आतच येतो. शेजारच्या दोन-तीन गाळेवाल्यांना सोबत सह्या करायला सांगा. त्यांच्याकडूनही वसुली चालू असणार, फक्त कुणी बोलत नाही. मशीन शक्यतो सकाळी उतरवा, हायड्रावाल्याला तासाच्या ऐवजी कामावर भाडं ठरवायला सांगा, म्हणजे मीटरची भीती निम्मी होते. वाट अडवली तर 112 लावा आणि रोख काही देऊ नका, 'चहापाण्याला' म्हणूनसुद्धा नाही. मंडळात जाताना वडिलांना बरोबर न्या. तिथल्या कोणत्या टेबलावर काय होतं, कुठला कागद नसला की परत पाठवतात, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. आणि दोन्ही ठिकाणी पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.